बा जिता आहे तोवर

॥ जय सेवालाल ॥

लोहारा, यवतमाळ
११ जानेवारी २००६

ती. लखीरामभिया यांस,
अंजूचा शि. सा. न. वि. वि.

काल तू मुकुटबनच्या बूथवर रिसीव्हर आपटलास, त्याचा आवाज अजून कानात आहे. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं, म्हणून लिहायला बसले. कागदावर तुला ओरडता येत नाही आणि मला रडता येत नाही, म्हणजे दोघांचंही काम नीट होईल.

आधी हे वाच, की आपला बा जिवंत आहे. देवीलालकाकाने बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून घातली ती बाच्या पोटावर डावीकडे, बरगड्यांच्या खाली बसली. तिथे प्लीहा असते. ती फुटली तर वरून काही दिसत नाही आणि माणूस आतल्या आत रक्त सांडून मरतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी आज त्याच्या पोटाचा सीटी स्कॅन केला. प्लीहेला चीर आहे, पण लहान आहे, आणि रक्त थांबलेलं आहे. सध्या ऑपरेशन नको, पण हलायचं नाही आणि उठायचं नाही, असा हुकूम आहे.

तू विचारलं होतंस की हे स्कॅन म्हणजे पोट कापतात का. कापत नाहीत. सकाळपासून त्याला काही खाऊ दिलं नाही. रक्त तपासून मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते पाहिलं, दमा आहे का, कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठतात का ते विचारलं. कमरेचा करदोटा आणि गळ्यातला चांदीचा देव काढायला लावला. मग एका अरुंद फळीवर उताणं निजवलं. गाडीचं चाक उभं करून ठेवावं तशी ती मशीन आहे, आणि फळी माणसाला घेऊन त्या चाकातून आतबाहेर सरकते. दोन्ही बाजू उघड्या असतात, कोंडल्यासारखं होत नाही. मला बाहेर थांबवलं, कारण क्ष-किरण असतात. मशीन चालवणारा काचेपलीकडे बसतो आणि तिथून सांगतो की श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा.

मधेच हाताच्या शिरेतून एक औषध सोडतात, त्याने फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसतात. ते जाताना सगळ्या अंगातून ऊन पाणी फिरल्यासारखं होतं, तोंडाला लोखंडाची चव येते, आणि आपल्याला लघवी झाली असं वाटतं. होत काहीच नाही. पण बाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर तो त्या मुलाला हात जोडून म्हणाला की बाबू, माह्याकडून तुमची फळी खराब झाली, मले माफ करा. तो मुलगा हसला आणि म्हणाला की सगळ्यांनाच असं वाटतं, फळी कोरडी आहे. उभारी खाल्ली तेव्हा बाची मान खाली गेली नव्हती, या फळीने घातली.

याडीच्या डोक्याला टाके पडलेत. नवऱ्याला वाचवायला ती मधे पडली म्हणून दुसरा वार तिच्यावर आला, हे तुला ठाऊक आहेच. बोलते नीट, पण आज दुपारपासून उलट्या करते आहे. उद्या तिच्याही डोक्याचा स्कॅन करणार आहेत.

भिया, एकच मागते. देवीलालकाकाच्या वाटेला जाऊ नको. तो आपल्या बाचा चुलतभाऊ आहे आणि पोलिसांनी त्याला धरलेलं आहे. तुझं डोकं तापलं की तुला पुढचं दिसत नाही, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून पाहते आहे. तुझा मेहुणा ओम इथे रात्रपाळी करून डबे पोचवतो आहे, त्याला तुरुंगातही डबा पोचवायला लावू नकोस.

गंगीवहिनीला नमस्कार. माझ्यावर माया आहेच तुझी, ती या वेळी माझं ऐकून दाखव.

तुझी,
अंजू


॥ जय सेवालाल ॥

तांडा, मुकुटबनजवळ
१३ जानेवारी २००६

चि. सौ. अंजू हिस,
लखीरामचे अ. उ. आ.

तुझं पत्र एसटीच्या कंडक्टरने दिलं. बाची प्लीहा वाचली हे वाचून मी गोठ्यात जाऊन बसलो आणि बैलाच्या मानेवर डोकं ठेवून रडलो. हे ओमला सांगू नको.

पण तू मला शहाणपण शिकवतेस, तर त्या दिवशी काय झालं तेही ऐक. खरेदी केंद्रासमोर आपली गाडी मुक्कामाला होती. यंदा व्यापारी कापसाला हात लावत नाही, म्हणून सगळा मुलूख त्या एका फाटकावर येऊन पडला आहे. मी कडबा आणायला तांड्यावर आलो होतो. बा बैलांना पाण्यावर घेऊन गेला आणि देवीलालने आपली गाडी लोटून स्वतःची पुढे घातली. बा म्हणाला की देवीलाल, रांग सोडून काहून आलास, मागं घे. एवढंच म्हणाला. त्यावर त्याने उभारी उपसली. मी पोचलो तेव्हा याडी आपल्याच कापसाच्या ढिगावर पडली होती आणि तो पांढरा कापूस तिच्या डोक्याखाली लाल होऊन दबला होता. माणसं चहा पीत उभी होती. बोंडं वेचणारे हात सगळे, एकही वर झाला नाही.

पोलिसांनी त्याला धरलं म्हणतेस. काल जामिनावर सुटून आला तो. संध्याकाळी मी त्याची गाडी त्याच्याच दारात पेटवली. त्याच्या मेहुण्यांनी आपल्या झोपडीवर दगडफेक केली. एक दगड गंगीच्या मनगटावर बसला, हाड सरकलं आहे. लाल गाईचा डोळा गेला. आज सकाळी नायक बापूजीने पंचायत बसवली. तिथेही त्यांनी काठ्या आणल्या होत्या आणि आम्हीही काही मोकळ्या हातांनी गेलो नव्हतो. एकमेकांच्या आया-बहिणी काढून झाल्यावर बापूजी मधोमध आडवा झाला आणि म्हणाला की आधी मले तुडवा, मंग एकामेकाले मारा.

म्हाताऱ्याच्या अंगावर पाय द्यायचा कसा? म्हणून सेवालालच्या नावाने मी शब्द दिला. तो तुलाही लिहून देतो. बा जिता आहे तोवर देवीलालच्या अंगाला हात लावणार नाही. पण बा गेला, तर त्या दिवशी देवीलालही जाईल. कुऱ्हाडीला धार लावून ती दाराच्या वर खोचली आहे. रोज खाली उतरवतो, बोट फिरवतो आणि परत ठेवतो.

याडीला त्या मशीनमध्ये घालू नको. तांड्यात सगळे म्हणतात की डोकं आत गेलं की विजेने मेंदू शिजतो. बाचं पोट होतं म्हणून निभावलं.

बाची खबर रोज कळव. कुणाच्या तरी हाती दे, पण कळव. तुझ्यावर राग नाही, तो सगळा दुसरीकडे लागला आहे.

तुझा,
लखीराम


॥ जय सेवालाल ॥

लोहारा, यवतमाळ
१५ जानेवारी २००६

ती. लखीरामभिया यांस,
अंजूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गाडी पेटवलीस, गाईचा डोळा गेला, वहिनीचं मनगट गेलं, आणि तू हिशेब अजून देवीलालकडे बाकी आहे म्हणतोस. तरी शब्द दिलास, त्याला धरून बसते. बा जिता आहे. आज त्याने वरणाचं पाणी घेतलं आणि नर्सबाईला विचारलं की कापूस मोजला का. म्हणजे बरा आहे.

याडीचा मेंदू शिजला नाही, हे पहिल्यांदा तांड्यात जाऊन सांग. डोक्याच्या स्कॅनला ते शिरेतलं औषधही दिलं नाही. उशीला खोबण असते, तीत डोकं ठेवतात आणि कपाळावरून एक पट्टा बांधतात, कारण मान हलली तर फोटो पुसट येतो. पट्टा दिसताच याडी किंचाळली. तिला वाटलं, मारायला बांधतात. त्या मुलाने पट्टा तिच्याच हातात दिला, तिने तो चाचपून पाहिला, मग बांधू दिला. मशीन फिरताना घरघर होते. डोळे मिटून पडायचं, गिळायचंसुद्धा हळू. दुखत काही नाही. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली की एवढ्यासाठी मले उपाशी काहून ठेवलं व. उपाशी कुणी ठेवलं नव्हतं, ओकारीच्या भीतीने तीच जेवली नव्हती.

पण आत जाण्याआधी जो तमाशा झाला तो लिहायलाच हवा. डोक्यावर धातू चालत नाही, फोटोत त्याच्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि खालचं काही दिसत नाही. याडीच्या केसांत कानांशी चांदीच्या घुगऱ्या गुंफलेल्या. नर्सबाई कात्री घेऊन आली तर याडीने तिचं मनगटच पिरगाळलं. म्हणाली की माहा नवरा तिकडच्या वार्डात जित्ता हाये, अन् तुमी मले रांड करून राह्यल्या का. लग्नात घातलेली घुगरी नवरा गेल्यावरच उतरते, हे त्या बाईला कसं ठाऊक असणार? शेवटी ओमने चाकांच्या खाटेसकट बाला तिच्याजवळ नेलं. बाने पडल्या पडल्या हात लांब करून स्वतः एकेक घुगरी सोडवली आणि म्हणाला की जमनी, मी सोडून राह्यलो ना, मंग मी मेलो कसा. वॉर्डातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही.

डोक्यात रक्ताची लहानशी गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, विरघळेल, काही दिवसांनी पुन्हा स्कॅन करून पाहू. टाके नीट दिसावेत म्हणून अर्धे केस काढले, त्यामुळे घुगरी आता परत बांधता येत नाही. वॉर्डात चोऱ्या होतात आणि माझ्या खोलीला दिवसभर कुलूप असतं. याडीचा जीव त्यात अडकला आहे, म्हणून गाठोडं बांधून घरी पाठवते आहे. देव्हाऱ्यात ठेव.

मुकुटबनच्या उकंडाभाऊंची बायको प्रभावती आमच्या शेजारच्या खाटेवर आहे. तेच उद्या गावी जात आहेत. गाठोडं आणि हे पत्र त्यांच्याजवळ देते. तुझ्यासारखा तापट माणूस, पत्र भलत्याच्या हाती पडून अर्धवट वाचलं जायला नको, म्हणून त्यांना बजावलं आहे की पत्र फक्त लखीरामच्या हातात द्या.

कुऱ्हाड खाली उतरव आणि तिने सरपण फोड. तुझ्या शब्दावर विसंबून आहे, मला तोंडघशी पाडू नको.

तुझी,
अंजू


तांडा
१७ जानेवारी २००६

सौ. अंजूबाई यांस,
गंगीचा नमस्कार.

मी सातवी शिकलेली, मनगट सुजलेलं, वेडंवाकडं लिहिते आहे. इथे घात झाला.

काल दिवस कलताना उकंडाभाऊ मुकुटबनला उतरले. आपल्या तांड्याच्या बाया बाजार करून निघाल्या होत्या. त्यांच्याजवळ त्यांनी गाठोडं दिलं आणि म्हणाले की जमनीबाईचं हाये, घरी द्या. पत्र मात्र दिलं नाही. तुम्ही हातात द्या म्हणाल्या होत्या, म्हणून सकाळी स्वतः आणून देणार होते. ते बौद्ध माणूस, आपल्यातली ही रीत त्यांना ठाऊक नाही. बायांनी वाटेत गाठोडं सोडून पाहिलं. आत याडीच्या घुगऱ्या. त्या वाटेपासूनच ढावलो रडत आल्या, माणूस मेल्यावर सूर धरून रडतात तसं. मीही कपाळ बडवून घेतलं. सासरा गेला असंच मला वाटलं. तुम्हालाही असंच वाटलं असतं.

हे विहिरीवरून आले. अंगणात रडणं आणि मधोमध गाठोडं. त्यांनी कुणाला एक शब्द विचारला नाही. दाराच्या वर हात घातला आणि निघाले. मी पाय धरले, तर लाथेने उडवलं.

देवीलालकाका बैलांना ढेप चारत होता. यांना पाहून तोच उठून पुढे आला. त्याने रडणं ऐकलं होतं. त्याची बायको रुपीकाकी यवतमाळला निघताना सांगून गेली की तो म्हणाला, लखी, खेमभिया कसा हाये रे. पहिला वार खांद्यावर बसला. हात लोंबला. तो घमेल्यावर पडला आणि उठायला लागला, तेव्हा दुसरा डोक्यात. रुपीकाकीने कुऱ्हाडीचा दांडा धरला, तिला दांड्यासकट अंगणभर फरफटवलं. तिचे दात पडले, पण तिने दांडा सोडला नाही, म्हणून तिसरा वार झाला नाही. बैलाच्या तोंडावर रक्त उडालं आणि तो दावं तोडून पळाला. हे सगळं तिच्याशिवाय कुणी पाहिलं नाही, बाकीचे आमच्या अंगणात होते.

सकाळी पोलिसांची जीप उभी असताना उकंडाभाऊ तुमचं पत्र घेऊन आले. यांच्या हातात बेड्या होत्या, तरी त्यांनी ते यांच्याच हातात दिलं. यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग खाली बसले. शिपायांनी दोन्ही बगलांत हात घालून उचललं तेव्हा उठले.

देवीलालकाकाला तुमच्याकडेच यवतमाळला नेलं आहे. जिता आहे का ते कळवा. मला दुसरं काही सुचत नाही. तुमचा आधार सुटू देऊ नका.

गंगी


पोलीस कोठडी
१८ जानेवारी २००६

चि. सौ. अंजू हिस,
लखीरामचे आ.

उकंडाभाऊ भेटायला आले, त्यांच्याच पेनने लिहितो. ते माझ्यासमोर रडत होते. मी त्यांना म्हटलं की तुमचं काही चुकलं नाही. तुझ्यावरही बोल ठेवत नाही. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही, हे खरं आहे.

त्याने बाची खबर विचारली होती. ते सारखं कानात येतं.

इथे एक वकील भेटला. तो म्हणतो की पाहणारी रुपीकाकी एकटीच आहे. ती म्हणाली की संध्याकाळच्या अंधुकात तोंड दिसलं नाही, तर केस ढिली पडते. बा तिचा जेठ, थोरला दीर लागतो. तिने आयुष्यात बासमोर तोंडावरचा पदर वर केलेला नाही. बा म्हणाला की रुपी, गप बस, तर ती बसेल. बाला सांग, एवढं एकदा माझ्यासाठी बोल. माझी पोरं लहान आहेत.

देवीलालकाकाचं डोकं त्या मशीनमध्ये घालतील तेव्हा कुणीतरी त्याला आधी सांगा, की पट्टा मारण्यासाठी बांधत नाहीत. बाकी आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी मोठा म्हणून देतो.

लखीराम


॥ जय सेवालाल ॥

लोहारा, यवतमाळ
२४ जानेवारी २००६

ती. लखीरामभिया यांस,
अंजूचा नमस्कार.

देवीलालकाका गेला. तुला पोलिसांनी सांगितलंच असेल, तरी कसा गेला ते माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

त्याला आणलं तेव्हा मी याडीचं औषध घेऊन जिन्यात उभी होते. स्ट्रेचरमागे रुपीकाकी, तोंड सुजलेलं, लुगडं रक्ताने कडक झालेलं. मला ओळखून तिने माझे केस धरले आणि भिंतीवर डोकं आदळलं. मी आदळू दिलं. मग तिचे हात गळाले आणि तिनेच मला विचारलं की त्याले कोठं नेऊन राह्यले. मी तिला सांगितलं की काकी, फोटो काढतात, दुखत नाही, आत कुणाला जाऊ देत नाहीत, थोडा वेळ लागतो. तू पट्ट्याचं लिहिलंस ते पत्र यायच्या आधीच सगळं झालं होतं. सांगितलं असतं तरी त्याला ऐकू आलं नसतं, तो शुद्धीवर नव्हता. त्याला मान हलवू नको म्हणायची गरजच पडली नाही.

काचेपलीकडचा तो मुलगा बाच्या वेळी हसला होता. या वेळी तो फोटो पाहून उठला आणि धावत डॉक्टरांकडे गेला. अर्ध्या डोक्यात रक्त पसरलं होतं. नागपूरला न्यायचं ठरलं. मी गाडीत बसले, रुपीकाकीने उतर म्हटलं नाही. कळंब ओलांडलं आणि त्याचा श्वास थांबला. ती बराच वेळ त्याचे पाय चोळत राहिली. मी तुझी बहीण आहे आणि मी तुला त्या गाडीत शिव्या दिल्या, हे लपवत नाही.

त्याला मुलगा नाही. बाने डॉक्टरांचं ऐकलं नाही, सही करून बाहेर पडला आणि ओमच्या खांद्यावर भार टाकून तांड्यावर गेला. अग्नी त्यानेच दिला. ज्या बाया बा गेला समजून रडल्या होत्या त्या त्याला पाहून मागे सरल्या. कुणी म्हणालं की खेमसिंग, तुह्या पोरानं तुह्यासाठी केलं. त्यावर बा म्हणाला की मी जित्ता हाओ, मंग त्यानं कोणाचा सूड घेतला.

तुझं पत्र मी त्याला स्मशानातून परतल्यावर वाचून दाखवलं. पोटाला हात लावून तो ऐकत होता. दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग काठी घेऊन उठला आणि रुपीकाकीच्या अंगणात गेला. मी मागे होते. तिने त्याला पाहताच रीतीप्रमाणे पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली. भिया, ती गप बसली असती. तू बरोबर ओळखलं होतंस. जेठाचा शब्द खाली पडू नये म्हणून ती गप बसलीच असती.

बा तिला म्हणाला की रुपी, पदर वर कर. तिने केला नाही. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा तिने पदर मागे घेतला आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. सुजलेलं तोंड, पुढचे दात नाहीत. बा म्हणाला की कोर्टात असंच उघड्या तोंडानं उभी राहा, अन् जे पाह्यलं ते सांग, लखीरामचं नाव घेऊन सांग. मी तुह्या बाजूले उभा राहीन. बोलून झालं तसा तो तिथेच उकिडवा बसला आणि लेकरासारखा रडला.

याडीला तुझं सगळं सांगितलं आहे. ती बोलत नाही, जेवते. तिचा दुसरा स्कॅन सोमवारी आहे.

भेटीच्या दिवशी बा येणार आहे. मी म्हटलं की गाडीचे धक्के सोसणार नाहीत. तर म्हणाला की तो माहा पोरगा हाये, मी जाणार. वकिलाचं मात्र त्याच्यासमोर काढू नको.

माया तुटत नाही, तोडून पाहिली. ती आहे तशी असू दे.

तुझी,
अंजू